नऊवारीचा हिशेब

आमच्या घरात पैशावरून भांडणं झाली नाहीत, कारण पैसा नव्हताच. भांडणं व्हायची ती कपड्यांवरून. तीही रंग, काठ, किंमत यांवरून नव्हेत. हा कपडा अंगावर का, एवढ्याच प्रश्नावरून. प्रश्न दादांचा. दादा म्हणजे आमचे वडील, मराठी शाळेतले मास्तर. सिल्वासा १९६१ साली रीतसर भारतात आलं आणि त्यानंतर थोड्याच वर्षांनी दादा पालघरकडून इथं नोकरीला आले. मागोमाग आजी, आई, लग्नाची आत्या आणि पत्र्याच्या दोन ट्रंका. आम्ही भावंडं इथलीच.

एका ट्रंकेत अंथरुणं आली, दुसरीत आगरकर. ‘किर्लोस्कर’ आणि ‘स्त्री’चे जुने अंकही होते, आणि अगदी तळाशी, फाटक्या धोतरात गुंडाळलेले ‘समाजस्वास्थ्य’चे अंक. र. धों. कर्व्यांनी हे मासिक १९२७ पासून १९५३ साली मरेपर्यंत चालवलं. संततिनियमन, लैंगिक आरोग्य, बुवाबाजी, सगळं त्यात यायचं आणि मुखपृष्ठावर विवस्त्र बाईचं चित्र असायचं. मुळात कपडे हवेतच कशाला, इथपर्यंत प्रश्न ताणणारा हा संपादक दादांचं दैवत. (हा शब्द त्यांना अजिबात खपला नसता.) ज्या माणसाला नग्नतेची लाज वाटत नव्हती त्याचे अंक आपला भाऊ धोतरात का गुंडाळतो, हे आत्यानं एकदा सर्वांसमोर विचारलं. दादांनी उत्तर दिलं नाही, पण धोतर काढलं. मग आईनं ट्रंकेला कुलूप घातलं.

तेव्हाचं सिल्वासा म्हणजे दमणगंगेकाठचं एक सुस्त गाव. मराठ्यांनी १७७९ च्या तहानंतर पोर्तुगीजांच्या पदरात टाकलेला हा मुलूख. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांनी तो सोडवला. गायक-संगीतकार सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे त्या तुकडीत होते, हे आम्हा मुलांना फार थोर वाटायचं. दर २ ऑगस्टला शाळेत झेंडावंदन झालं की दादा ती हकिगत सांगत, पण त्यांचा जीव रमायचा तो पुढच्या भागात. सात वर्षं हा प्रदेश पोर्तुगालच्या हातात नव्हता आणि भारताचाही झालेला नव्हता. कारभार वरिष्ठ पंचायत पाहायची. पोर्तुगालनं हेगच्या न्यायालयात दावा लावला, त्याचा निकाल १९६० च्या एप्रिलमध्ये आला. पुढे विलीनीकरणाच्या करारावर सही कोणी करायची, हा पेच पडला. तेव्हा के. जी. बदलानी या आयएएस अधिकाऱ्याला एका दिवसापुरता इथला पंतप्रधान केलं, म्हणजे त्यांना भारताच्या पंतप्रधानांबरोबर सही करता यावी. ११ ऑगस्ट १९६१. “याला म्हणतात डोकं,” दादा म्हणायचे. बंदुका कोणीही चालवतो, असा त्यांचा एकूण सूर असे. आमच्या भावाला तो मुळीच पटायचा नाही.

तर हा तर्क दादांनी घरात आणला आणि त्याची पहिली गाठ पडली आजीच्या लुगड्याशी.

आजी जन्मभर नऊवारीत. एवढं कापड अंगावर वागवणं म्हणजे निव्वळ रूढी, हे दादांचं म्हणणं. आगरकरांचा दाखला तयारच असे. आगरकरांनी १८८८ साली ‘सुधारक’ काढलं आणि बायकांनी जाकिटं घातलीच पाहिजेत, असं ठणकावून लिहिलं. पोशाख हवेला, कामाला, शरीराला सोसेल असा हवा, जुना आहे म्हणून चालू ठेवायचा नाही. आजी ऐकून घ्यायची. एका दिवाळीच्या साफसफाईत मात्र तिनं घडी घातलेलं सुती लुगडं दादांच्या हातात दिलं आणि म्हणाली, “ओझं ओझं करतोस ना? जोख.” शेजारच्या वाण्याकडून काटा आला. लुगडं किलोच्या आत भरलं. चोळी टाकली, तरी काटा जेमतेम हलला. दादांची पँट, शर्ट, बनियन, पट्टा आणि बूट एका पारड्यात घालायचा हट्ट आत्यानं धरला. तेवढं मात्र दादांनी होऊ दिलं नाही.

कॉलेजात गेल्यावर मला या काट्याचं लंडनमधलं भावंड सापडलं. तिथं १८८१ साली बायकांच्या शहाण्या पोशाखासाठी एक संस्था निघाली होती. पुढारी व्हायकाउंटेस हार्बर्टन. त्यांची एक मागणी अशी, की बाईच्या नुसत्या आतल्या कपड्यांचं वजन सात पौंडांवर जाऊ नये. सात पौंड म्हणजे तीन किलोंहून जास्त! ही कमाल मर्यादा, आणि तीही सुधारकांची. दुसरी मागणी दोन पायांत विभागलेल्या झग्याची, म्हणजे चालता यावं, सायकल चालवता यावी. १८९८ साली या हार्बर्टनबाई तसल्या विजारीत सायकलवरून सरे परगण्यातल्या एका हॉटेलात गेल्या, तर मालकिणीनं त्यांना कॉफीच्या दालनात बसू दिलं नाही. प्रकरण कोर्टात गेलं आणि बाईंचा पक्ष हरला. मी हे सगळं सुट्टीत आजीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. “म्हणजे त्यांना कासोटा पाहिजे होता,” ती म्हणाली आणि पुढचा खडा काढला.

मला तरी याहून नेमकं भाष्य कुठल्या पुस्तकात मिळालेलं नाही. नऊवारीचा काष्टा म्हणजे दोन्ही पाय वेगळे करणारं वस्त्रच. झाडावर चढा, विहिरीत उतरा, चिखलात उकिडवं बसा. समोर ओचा, त्यात किल्ल्या, सुटे पैसे, तपकिरीची डबी. कनवटीला नोटेची घडी. युरोपातल्या बाया खिशासाठी आणि मोकळ्या पायांसाठी झगडत होत्या, त्याच्या आधीपासून आमच्या आज्यांकडे दोन्ही होतं. आणि गंमत अशी, की आमच्या आयांनी सुधारणा म्हणून हेच सोडलं. गोल पातळ आलं, पाचवारी, मग सहावारी. आतून परकर, नाडी कंबरेत रुतलेली, निऱ्या पायांत. आत्यानं शिक्षिकेची नोकरी धरल्यावर शाळेला जायला सायकल घेतली आणि पहिल्याच आठवड्यात निऱ्या चेनमध्ये जाऊन ती नरोली रस्त्यावर पडली. दादा तिला गोल पातळच नेसायला सांगत होते, तेच आधुनिक म्हणून. आजीनं गुडघ्याला हळद लावली आणि एक शब्द बोलली नाही. तिच्या न बोलण्याचा दादांना जास्त त्रास व्हायचा.

मग सहावारी आली तरी का? कारणं होती, पण ती दादांच्या यादीतली नव्हती. महायुद्धात कापड कंट्रोलवर गेलं, तेव्हा नऊ वारांपेक्षा पाच वार परवडले. शाळा-कचेऱ्यांत शिरलेल्या बायकांना आपण कोणाच्या तरी आज्या दिसू नये असं वाटलं. शिवाय पोटऱ्या झाकल्या गेल्या, तेच सभ्य ठरलं. या शेवटच्या कारणाला माझ्या मते सर्वांत जास्त वजन आहे. महाडला डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या बायकांना सांगितलं, की लुगडं गुडघ्यापर्यंत नेसू नका, जातीची खूण पटवणारे ते जाडजूड दागिने टाका, घोट्यापर्यंत नेसा. दुसऱ्याच दिवशी बाया तशा नेसून आल्या. कामाच्या सोयीनं पाहिलं तर आखूड लुगडं बरं. पण रस्त्यानं जाताना कापडाच्या लांबीवरूनच जात ओळखली जात असेल, तर लांब नेसणं हाच शहाणपणा. दादा हे आम्हाला सांगायचे तेव्हा आवाज चढायचा त्यांचा. आजीला मात्र तेच पालुपद ऐकवायचे, एवढं कापड कशाला.

आमच्याकडे रखोलीहून एक वारली मावशी यायची. लाकडाची मोळी, करवंदं, पावसाळ्यात रानभाज्या. तिचं लुगडं गुडघ्याच्या वर, घट्ट, वाऱ्यालासुद्धा जागा नाही असं. आईनं दिवाळीला तिला आपली एक सहावारी दिली, छापील फुलांची. पुढं कित्येक दिवस ती साडी अंगावर दिसेना. मग एकदा दिसली, दोन खांबांना बांधलेली, आत नातू. आई जरा खट्टू झाली. आजी म्हणाली, “कामाला लागली ना साडी?”

त्या मावशीच्या शेतावर आम्ही आवणी बघायला जायचो. इकडचा पाऊस नुसता पडत नाही, दिवस दिवस उतरत राहतो. दादा रेनकोट घालून बांधावर उभे राहायचे आणि आतून घामानं पाहिजे तेवढे भिजायचे. बायका चिखलात वाकलेल्या, पाठीवर इरलं. मी एकदा मागून डोक्यावर घेतलं होतं. बांबूच्या कामट्यांची दुहेरी विणलेली जाळी, मधे पळसाची पानं एकावर एक सरकवलेली, कौलांसारखी, वरचं टोक खालच्यावर. डोक्यापाशी कमानीत वळलेलं आणि कंबरेच्या खाली संपणारं. उभ्यानं चाललं तर ते बोजड, हास्यास्पद वाटतं. वाकलं की कळतं. पाणी पाठीमागं वाहून जातं, पोटाशी कोरडं राहतं, वारा दोन्ही बाजूंनी फिरतो आणि दोन्ही हात रोपांना मोकळे. छत्री ही उभ्या आणि रिकामटेकड्या माणसाची वस्तू आहे, हे मला त्या दिवशी उमगलं. दादांनी घरी येऊन वहीत इरल्याची आकृती काढली, मापांसकट, आणि शाळेत त्यावर तास घेतला. वर्गातली निम्मी मुलं घरून तेच पांघरून आली होती. मास्तरांना यात एवढं काय दिसलं, ते त्यांना समजेना.

दादांना जी गोष्ट कधीच नीट पचली नाही ती देवीची. आजीच्या लहानपणची. १९२१-२२ च्या सुमारास पालघरच्या किनाऱ्याकडून एक देवी निघाली, सलाबाई म्हणायचे तिला. माणसांच्या अंगात येऊन बोलायची. डहाणू, जव्हार, धरमपूर करत ती सुरतेकडच्या गावांत पोचली. तिचे हुकूम असे: दारू-ताडी सोडा, मांस सोडा, रोज अंघोळ करा, घरं झाडून-सारवून ठेवा, दारूवाल्यांकडे कामाला जाऊ नका. हजारो आदिवासींनी ते पाळलं. कोंबड्या-बकऱ्या विकल्या, नाही विकल्या गेल्या तर सोडून दिल्या. आजीला तेवढंच आठवायचं, धन्याशिवाय फिरणाऱ्या कोंबड्या. पुष्कळांची दारू नंतर परत सुरू झाली, पुष्कळांची सुटली ती सुटलीच.

अंगात येणं म्हणजे दादांच्या लेखी शुद्ध ढोंग किंवा शुद्ध आजार. पण देवीनं सांगितलं काय, तर स्वच्छता, दारूबंदी आणि पिळणाऱ्याला नकार. आगरकरांनी तरी वेगळं काय सांगितलं असतं? “तुझ्या आगरकरांनी सांगितलं असतं तर कोणी ऐकलं असतं का?” आजी विचारायची. दादा म्हणायचे, “आज देवी दारू सोडा म्हणते, उद्या मूल कापा म्हणेल. तेव्हा काय कराल?” हे खरंच होतं. आजीला ते खोडता यायचं नाही आणि दादांना आजीचं खोडता यायचं नाही. आम्ही मुलं ताटं घेऊन बसलेलो, आमटी गार. आत्या एकदा म्हणाली, की देवी आली ती बोलायला दुसरी सोयच नव्हती म्हणून आली. ज्याला कोणी विचारत नाही त्याच्या तोंडून तर्क निघाला तर ऐकतं कोण, देवी निघाली तर पाटीलसुद्धा ऐकतो. दादा बराच वेळ गप्प राहिले. माझं मत अजून आत्याकडेच झुकतं.

ऐंशीच्या दशकात सगळंच फिरलं. करसवलती मिळाल्या आणि सिल्वाशाभोवती कारखाने उगवले, त्यांत पॉलिएस्टर धाग्याचे कितीतरी. गावात कापड स्वस्त, इस्त्री नको, आटत नाही, फाटत नाही. दादांना तर्काचा विजय वाटायला हवा होता, पण त्यांनी पहिलं काय केलं, तर स्वयंपाकघरात नायलॉनच्या साडीला बंदी घातली. स्टोव्हच्या भडक्यात ते कापड नुसतं पेटत नाही, वितळून अंगाला चिकटतं, हे त्यांनी तुकडा जाळून आईला दाखवलं. त्यांच्या आयुष्यातलं हे एकच निरूपण आजीनं मुकाट्यानं मान्य केलं. मावशीच्या मुली कारखान्यांत लागल्या आणि पंजाबी ड्रेस घालू लागल्या, आम्हीही. आमच्या पिढीचे पाय असे पंजाबमार्गे मोकळे झाले. आईनं साठीत गाऊन धरला, बाहेर जायची वेळ आली की त्यावर ओढणी. गाऊन सोयीचा आणि ओढणी लोकांसाठी, हे तिचं स्पष्टीकरण.

आता घरातली पुढची पिढी पाडव्याच्या शोभायात्रेसाठी नऊवारी नेसते. म्हणजे घालते. शिवलेली, कंबरेला इलॅस्टिक, निऱ्या आधीच टाचलेल्या. गेल्या वर्षी भाचीनं तिचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि भाऊ उखडला. ही फसवणूक आहे, नेसता येत नसेल तर नेसू नये, आजी असती तर वगैरे वगैरे. दादांचा मुलगा परंपरेची बाजू घेऊन भांडतोय हे बघायला दादा हवे होते. भाचीनं उलट लिहिलं, की दोन मिनिटांत होते, स्कूटर चालवता येते आणि मोबाइलला खिसा आहे. भावानं विचारलं, नऊवारीला खिसा कुठून आला? मी त्याला आजीचा ओचा आठवतो का म्हणून विचारलं. त्यावर त्यानं ग्रुप म्यूट केला, असं वहिनी म्हणते.