धागा गप राहत नाही

हाताला कंप सुटला तेव्हा पिपेट विद्यार्थिनीच्या हाती दिली. ती देवगडची, मी मालवणचा. पुण्याच्या प्रयोगशाळेतही आमचं बोलणं मालवणीतच. यीस्टच्या कल्चरमध्ये फॉर्मल्डिहाइड घालताना तिने विचारलं, "सर, ह्यां आत पोचापर्यंत धागो गप रवता काय?"

नाही राहत. जिवंत यीस्टमध्ये डीएनएच्या एखाद्या जागेला चमकता ठिपका जोडला, तर तो काही सेकंदांतच सरकलेला दिसतो. फॉर्मल्डिहाइडला तो धागा जखडायला मात्र मिनिटं लागतात. मग कोणती जागा कुणाशेजारी ते दाखवणाऱ्या आमच्या नकाशावर जवळ दिसणाऱ्या दोन जागा खरोखर शेजारी होत्या, की जाता जाता भेटल्या आणि आम्ही त्यांना तिथेच जखडलं?

सुमारे ४ मिलीमीटरचा धागा, तोही १६ तुकड्यांत, जेमतेम २ मायक्रॉनच्या केंद्रकात. दांडीच्या किनाऱ्यावर होडीत गोळा करून टाकलेल्या जाळ्यातही लांबीने दूरचे पदर असेच एकमेकांना भिडतात. पण ते जाळं निपचित असतं.

फॉर्मल्डिहाइड १ टक्का की ३, १० मिनिटं की १५, यात माझी उमेदीची वर्षं गेली. कमी पडलं तर सांधे सुटतात. जास्त झालं तर धागा कापणारं एन्झाइम आत शिरत नाही. डेकर आणि क्लेकनर यांनी २००२ मध्ये यीस्टच्या तिसऱ्या गुणसूत्रावर अशा जखडलेल्या जागा शोधण्याची पद्धत दाखवली, तेव्हा जागांची एकेक जोडी पीसीआरने तपासावी लागे. २००९ मध्ये हाय-सी आलं, २०१५ मध्ये मायक्रो-सीने यीस्टमध्ये एकेका न्यूक्लिओसोमपर्यंत मजल मारली. पद्धती बारीक झाल्या, जखडण्याकडे मात्र तेवढं लक्ष गेलं नाही. किट आणायचं, सिक्वेन्सिंगचे कोट्यवधी रीड घ्यायचे, उरलेलं सॉफ्टवेअरवर सोपवायचं, ही रीत मला मान्य नाही. जखडतानाच घोळ झाला असेल, तर रीड वाढवून तो निस्तरत नाही.

माझ्या नकाशांत सोळाही गुणसूत्रांचे सेंट्रोमिअर एकत्र आल्याची खूण ठसठशीत उमटे. परिषदेत ती स्लाइड मी मुद्दाम पहिली लावायचो. "हात आहे यांचा," असं कुणी म्हटलं की सुखावायचो. खरं तर सेंट्रोमिअर मायक्रोट्युब्यूलना बांधलेलेच असतात. ती खूण बऱ्याच जणांना मिळते. हे ठाऊक असूनही ते कौतुक मी नाकारलं नाही.

आता माझी विद्यार्थिनी एकाच कल्चरचे नमुने २, ५, १० आणि १५ मिनिटांनी थांबवते आहे. वेळेबरोबर वाढत जाणाऱ्या भेटी ती वेगळ्या काढणार आहे. तिचा नकाशा माझ्यापेक्षा स्वच्छ निघाला तर मला लागेल. तरी तो सगळ्यांच्या आधी मलाच बघायचा आहे.