संगणक नेमका कुठे अडला?



संगणक सुरू होता होता अडला, की आपल्याकडे दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक, "व्हायरस शिरला असंल." दुसरे, "आता टाका भंगारात." आमच्या शाळेचा एकुलता एक संगणक अडला तेव्हा ही दोन्ही वाक्ये मी ऐकली. पण अडलेले यंत्र आपण होऊन बरेच काही सांगत असते. ते आधी बघावे, असे मला वाटते.

संगणक सुरू होणे म्हणजे शाळा भरण्यासारखेच आहे. आमच्याकडे आधी चावीवाला मुलगा कुलूप काढतो. मग घंटा, मग प्रार्थना, मग हजेरी, आणि नंतर पहिला तास. संगणकाचेही असेच आहे. बटण दाबले की आधी वीज पोचते आणि पंखा फिरतो. मग आतल्या मदरबोर्डवर एका चिपमध्ये साठवलेला छोटा प्रोग्रॅम जागा होतो. जुन्या संगणकांत त्याला बायोस म्हणतात, नव्यांत यूईएफआय. तो मेमरी, कीबोर्ड, डिस्क जागेवर आहेत का ते पाहतो, जणू हजेरीच घेतो! मग डिस्कवरची ऑपरेटिंग सिस्टिम मेमरीत आणली जाते. ती उभी राहिली की आपले काम सुरू.

शाळा भरली नाही तर आपण विचारतो, चावी आली नाही का घंटा झाली नाही? संगणकालाही तसेच विचारायचे.

पंखाच फिरत नसेल तर आधी वायर आणि सॉकेट बघावे. पंखा फिरतो, पडदा काळा, आणि आतून पीं पीं आवाज येतो, तर पुष्कळदा मेमरीची पट्टी नीट बसलेली नसते. अशा वेळी जाणकार माणूस वायर काढून, पट्टी सोडवून तिची सोनेरी कड खोडरबराने हलकेच पुसतो आणि पुन्हा घट्ट बसवतो. दर वेळी तारीख जुन्या सालावर जात असेल, तर आतला चपटा गोल सेल उतरला असे समजावे. तो 3 व्होल्टचा असतो व त्यावर सीआर 2032 असे लिहिलेले असते. सेल उतरला की वीज गेल्यावर बायोस आपल्या नोंदी विसरतो, आणि मग कधी कधी त्याला डिस्कही नीट सापडत नाही.

आमच्या संगणकावर पहिली अक्षरे येत, आणि पुढे पांढरे ठिपके नुसते गरगर फिरत राहत. अर्धा तास झाला तरी तेच. म्हणजे चावी आली, घंटाही झाली, हजेरीही झाली. अडत होते ते डिस्कवरून ऑपरेटिंग सिस्टिम आणताना. गुरुजींनी प्रिंटर आणि पेनड्राइव्ह काढून पाहिले. फरक नाही. एक जण म्हणाले, "सगळं पुसून नवीन टाकून देतो, तासाभराचं काम!" गुरुजी म्हणाले, "थांबा जरा. आत आज्ज्या आहेत."

आज्ज्या म्हणजे काय, ते सांगते. गेल्या वर्षी आम्ही गावातल्या आज्ज्यांकडे जाऊन जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर भरून घेतल्या होत्या. अशा 23 ओव्या त्या डिस्कवर होत्या. त्यांतल्या एक आज्जी दिवाळीनंतर वारल्या. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. डिस्क पुसली असती तर तो गेलाच असता.

गुरुजींनी पेनड्राइव्हवर उबुंटू नावाची लिनक्स घालून आणली. लिनक्सची सुरुवात 1991 साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने केली, आणि ती फुकट मिळते. उबुंटू डिस्कवर न बसवता पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येते. ती सुरळीत चालली. म्हणजे पडदा, मेमरी वगैरे धडधाकट, दुखणे डिस्कचे. लगेच ओव्या उतरवून घेतल्या. 22 निघाल्या. वारलेल्या आज्जींची ओवी लागली तेव्हा त्यांची नात भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. एक मात्र काही केल्या निघाली नाही.

मग उबुंटूच डिस्कवर बसवायचे ठरले. आमच्या विंडोज 10 ला कंपनीचा नेहमीचा आधार ऑक्टोबर 2025 मध्ये संपला होता, आणि विंडोज 11 ला लागणारी सोय या जुन्या संगणकात नाही. पण फायली उतरवताना काम अडले. दुसऱ्यांदाही तिथेच अडले. गुरुजींचा नियम असा, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही. आधी डिस्कची केबल बदलली. तरी अडले. मग उबुंटूतूनच डिस्कची तपासणी केली, तेव्हा तिचे बरेच भाग खराब झालेले दिसले. पालकांनी वर्गणी काढून 240 जीबीची नवी एसएसडी आणली. ती घातल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत सगळे बसले. संगणक भंगारात गेला नाही.

म्हणून मित्रांनो, यंत्र अडले तर कुठे अडले ते वहीत लिहा. आधी आपली माहिती दुसरीकडे उतरवा, आणि पुसापुशी नंतर करा. पालकांनाही विनंती, घरच्या माणसांचे फोटो आणि आवाज एकाच मोबाइलमध्ये ठेवू नका.

जी ओवी निघाली नाही ती गाणाऱ्या आज्जी ठणठणीत आहेत. त्या म्हणाल्या, "या की पोरींनो, पुन्यांदा म्हणीन." रविवारी आम्ही जाणार आहोत. इतके सांगून माझा लेख पुरा करते.

– इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी