चार जणांची डाळ

दरवर्षी जून-जुलैत बारावी झालेली आपली मुले दाखला न्यायला येतात. कुणी पुण्याला निघालेला असतो, कुणी बेंगळुरूला, कुणी भोपाळला. मी प्रत्येकाला एक प्रश्न हमखास विचारतो, "चार जणांचा स्वयंपाक येतो का?" मुली हसतात. मुलगे आईकडे बघतात, आणि आई म्हणते, "सर, तिथे मेस आहे ना!" मेस असते हे खरे. पण ती बहुतेक ठिकाणी रविवारी संध्याकाळी बंद असते, हेही तितकेच खरे.

१९९० साली मी ग्वाल्हेरहून इंदूरला होळकर सायन्स कॉलेजात बी.एस्सी. करायला आलो. भंवरकुआँजवळ एका खोलीत आम्ही चौघे राहत होतो. एक सागरचा, एक खरगोनचा, एक मंदसौरचा जैन कुटुंबातला, आणि मी. दिवाळीनंतर खानावळ परवडेनाशी झाली तेव्हा खोलीतच रांधायचे ठरले. वातीचा एक स्टोव्ह आणि तीन लिटरचा एक कुकर आम्ही वर्गणी काढून आणला. सागरच्या मित्राला हातावर थापून जाड टिक्कड करता येत होते, तेवढीच आमची शिदोरी. आमच्या घरी मुलगे स्वयंपाकघरात फक्त पाणी प्यायला जात. त्यामुळे वरण-भाताची जबाबदारी माझ्याकडे आली, तेव्हा मी आईला पत्र लिहिले.

आठ दिवसांनी उत्तर आले. तूरडाळ एक वाटी, पाणी तीन वाट्या. हळद-हिंग शिजतानाच घाल. मीठ आणि आमसूल मात्र डाळ मऊ झाल्यावर. भातासाठी तांदळाच्या दुप्पट पाणी. कणकेची एक मूठ म्हणजे एक पोळी. मी उलट टपाली विचारले, वाटी कोणती? खोलीत एक स्टीलची, एक पितळेची आणि एक प्लास्टिकची अशा तीन वाट्या होत्या आणि तिन्ही वेगळ्या मापाच्या. आईने या प्रश्नाचे उत्तर लिहून पाठवले नाही. ओळखीचे कुणी इंदूरला येत होते, त्यांच्याबरोबर तिने माझी घरची वरणाची वाटीच पाठवली. त्या दिवसापासून आमच्या खोलीत माप आले.

मी रसायनशास्त्र हिंदी माध्यमातून शिकलो. त्यामुळे 'क्वथनांक' मला आधी कळला आणि 'उत्कलनबिंदू' हा शब्द शिक्षक झाल्यावर. पण त्या शब्दाचा अर्थ कळला तो कुकरपाशी. आतला दाब वाढला की पाणी शंभराऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळते, म्हणून डाळ लवकर शिजते. आईने आमसूल शेवटी का सांगितले, त्याचेही कारण पुढे पुस्तकात सापडले. आंबट पदार्थ आधी पडला तर डाळीच्या दाण्याला घट्ट धरून ठेवणारे पेक्टिन सुटत नाही आणि दाणा कडक राहतो. जड पाण्यातले कॅल्शियमही तेच करते. आमच्या घरमालकांच्या बोअरिंगच्या पाण्याला साबणाचा फेस येत नसे आणि त्यात डाळ शिजत नसे. नर्मदेचे पाणी इंदुरात १९७८मध्ये आले होते, पण आमच्या नळाला ते एक दिवसाआड यायचे. ते आम्ही डाळीसाठी आणि पिण्यासाठी झाकून ठेवत असू. आंघोळीला बोअरिंग! नर्मदामैयाची महती आजीकडून ऐकली होती, ती अशी पटेल असे वाटले नव्हते.

खरी अडचण मात्र वेगळीच होती. मंदसौरचा मित्र सूर्यास्तानंतर जेवत नसे. डिसेंबरात इंदुरात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि आमची प्रॅक्टिकल्स साडेचारला सुटत. रात्री आठ वाजता आम्ही तिघे पानावर बसत असू, तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून वाचत बसे. दुपारचे मुरमुरे आणि गूळ-चणे एवढ्यावर त्याने जवळजवळ महिना काढला. तो बराच वाळला. ही गोष्ट घरी कळली आणि त्याचे वडील त्याला परत घेऊन जायचे ठरवूनच आले.

त्या दिवशी आम्ही कॉलेजला जाण्यापूर्वी डाळ भिजत घातली. भिजलेली डाळ लवकर शिजते, घासलेटही वाचते. पावणेपाचला स्टोव्ह पेटवला. कुकरमध्ये खाली डाळ, वरच्या डब्यात भात. खरगोनच्या मित्राने टमाटर चिरून शेव-टमाटरची भाजी केली. मालव्यात एकट्या राहणाऱ्या पोरांना ती तारून नेते. बटाटा, गाजर, मुळा जमिनीखालचे, म्हणून ते आणलेच नव्हते. डाळीला आधी जिरे, हिंग आणि हिरव्या मिरचीची फोडणी दिली, आणि मित्राची व त्याच्या वडिलांची डाळ बाजूला काढली. मग उरलेल्या डाळीवर लसणाची फोडणी वेगळ्या पळीतून ओतली. ती पळी आदल्याच दिवशी आणली होती. सव्वापाचला पाने मांडली.

वडिलांनी पहिला घास घेण्याआधी दोन्ही पळ्यांकडे पाहिले आणि विचारले, "भिया, ये अलग क्यों?" मी सांगितले. ते काही बोलले नाहीत. डाळ मात्र त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतली. रात्रीच्या बसने ते एकटेच परत गेले. मित्र १९९३मध्ये आमच्याबरोबरच बी.एस्सी. झाला.

यंदा नववीच्या वर्गासाठी स्वयंपाकाचा तास सुरू करायचे ठरले, तेव्हा एका पालकांनी मला विचारले, "मुलाला स्पर्धा परीक्षा द्यायची आहे, डाळ कशाला? आता मोबाईलवर मागवले की अर्ध्या तासात येते." येते, नाकारत नाही. पैसे संपेपर्यंत येते. आणि भिंतीकडे तोंड करून कोण बसला आहे, हे डबा आणून देणाऱ्याला दिसत नाही.

तास दर शनिवारी अर्ध्या सुट्टीनंतर मागच्या ओसरीवर होईल, मुलगे आणि मुली दोघांसाठीही. दोन शेगड्या आणि पाच लिटरचे दोन कुकर यांची मागणी विश्वस्त मंडळाकडे केली आहे. पहिले दोन तास फक्त कुकरचे: शिट्टीची नळी मोकळी आहे का, रबर तडकले आहे का ते बघणे, डाळ घालताना पाण्यासकट कुकर अर्ध्याच्या वर न भरणे, आणि वाफ पूर्ण गेल्याशिवाय झाकणाला हात न लावणे. पोळीकडे दिवाळीनंतर वळू.

प्रत्येकाने आपली घरची वरणाची वाटी आणावी. नवी विकत आणू नये. त्या वाटीभर तांदळाचा भात घरी किती जणांना पुरतो, हे आईला किंवा बाबांना विचारून यावे.