फवारणी

आमच्याकडे एक बोका आहे. नाव बाजीराव. भवानी पेठेतल्या आमच्या जुन्या घरी तो आपणहून आला, आठवडाभर जिन्याखाली बसला आणि मग घरचाच झाला. वर्षाचा होईपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग एका रविवारी सकाळी आईची हाक आली, "अरे, इकडे ये आधी. कसला वास येतोय बघ."

वास येत होता घडवंचीवरच्या चादरींच्या चळतीला. त्यात आजोबांनी स्वतः मागावर विणलेली चादर होती. आई काही बोलली नाही, ते जास्त लागलं. बाबा मात्र बोलले, "पोत्यात घाल आणि हैदराबाद रोडला सोडून ये." खोटं कशाला बोलू, मी माळ्यावरून पोतं काढलंही होतं.

पण सवयच अशी, की बग नीट पाहिल्याशिवाय कोड उडवायचा नाही. दोन दिवस पाळत ठेवली. साहेब वाळूच्या टबमध्ये रीतसर बसून लघवी करत होते. भिंतीशी मात्र प्रकार वेगळाच. भिंतीकडे पाठ, शेपटी ताठ उभी, तिचं टोक थरथरतंय, आणि मागे एक छोटीशी पिचकारी. डाळिंबाच्या बागेत फवारणी करतात ना, तशी! म्हणजे ही घाण नव्हती, पाटी होती. 'ही हद्द माझी' अशी. आणि मी त्याला ओरडत होतो, म्हणजे त्याची धास्ती अजून वाढवत होतो.

डॉक्टरांनी आधी मूत्रमार्गाचा आजार नाही ना, हे तपासलं. बोका सारखा लघवीला बसतोय आणि थेंबही येत नाही, असं दिसलं तर एक तासही थांबू नका, म्हणाले. मार्ग तुंबला तर एक-दोन दिवसांत जीव जातो. बाजीराव ठणठणीत होता. मग नसबंदी. बाबा कुरकुरले, "मुक्या जनावरावर कशाला अन्याय?" मी म्हटलं, "बाबा, पोत्यापेक्षा बराच ना?" त्यावर ते पेपर वाचायला लागले.

नसबंदीनंतर साधारण दहातले नऊ बोके फवारणी सोडतात किंवा बरीच कमी करतात. काही लगेच, काहींना महिना-दोन महिने लागतात. वास एवढा उग्र का, तेही वाचलं. मांजरांच्या लघवीत फेलिनाइन नावाचं द्रव्य असतं, ते विघटित झालं की तो दर्प सुटतो. ते तयार होण्यामागे कॉक्सिन नावाचं प्रथिन आहे, हे जपानी शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं. नसबंदी न झालेल्या बोक्यात दोन्ही भरपूर.

दरम्यान मी एक घोडचूक करून बसलो होतो. फरशी फिनेलने पुसली होती. त्यातली फिनॉलसारखी द्रव्यं मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत, आणि पाय चाटताना ती थेट पोटात जातात. विषच ते. अमोनियावालं काही वापरलं तर आणखी मजा, त्याला लघवीचाच वास वाटतो आणि तो पुन्हा तिथेच येतो. शेवटी साबणाचं पाणी आणि त्यावर एन्झाइमचं क्लीनर, हेच खरं. एन्झाइम वास झाकत नाहीत, वासाचं मूळच मोडतात.

ऑपरेशननंतर तीन आठवड्यांनी खिडकीखाली पुन्हा पिचकारी! आता काय? संध्याकाळी तिथे बसून राहिलो, तेव्हा दुसरा बग सापडला. समोरच्या भिंतीवर एक धिप्पाड पिवळा बोका रोज हजेरी लावत होता. खिडकीच्या खालच्या काचेला कागद चिकटवला. दोन आठवड्यांत फवारणी बंद. एवढं सोपं होतं.

चादर तीनदा धुतली. पावसाळ्यात दमट हवेत नाक लावलं तर अजून किंचित वास येतो. मागच्या पावसात आईने ती हुंगली, घडी घातली आणि कपाटात आत ठेवून दिली. एवढंच.

असो. पोतं अजून आहे. घडी करून जिन्याखाली ठेवलंय, बाजीराव त्यावर झोपतो. घडी बाबांनीच घातली.