मागच्या वर्षीचंच काढा

गणपतीच्या आधीचे दोन महिने म्हणजे आमच्या डीटीपीवाल्यांची सुगी. कसबा पेठेत मंडळांना तोटा नाही. अहवाल, पावतीपुस्तकं, जाहिरातींची पानं सगळं एकदमच येतं आणि कार्यकर्त्याचं वाक्य ठरलेलं असतं, "मागच्या वर्षीचंच काढा हो, फक्त अध्यक्ष बदललेत." मागच्या वर्षीचं माझ्याकडे असणारच, हे तो धरून चालतो. मूळ फाइल मंडळाकडे नसते, छापखान्याकडेही नसते. ती असते माझ्या माळ्यावरच्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवर.

अशाच एका सुगीत डिस्क टकटक करायला लागली. तांबट आळीच्या शेजारी वाढलेल्या माणसाला ठोक्यांचं काही वाटत नाही, पण या आवाजाने पोटात गोळा आला. डिस्कच्या आतल्या चकत्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात आणि वाचणारं हेड त्यांच्यावरून काही नॅनोमीटर उंचीने तरंगत जातं. हेडला माग सापडला नाही की ते मागे येतं, पुन्हा जातं, पुन्हा मागे येतं. तीच ही टकटक. तशीच चालू ठेवली तर हेड चकतीला घासून उरलेलंही खरवडून काढतं, म्हणून मी लगेच वीज बंद केली. हा आवाज आमच्या धंद्यात आधीपासून ठाऊक होता. पेजमेकरच्या फाइली छापखान्यात न्यायला पूर्वी झिप डिस्क असायच्या. आयोमेगाच्या त्या ड्राइव्हची टकटक 'क्लिक ऑफ डेथ' म्हणून जगभर गाजली, १९९८ मध्ये अमेरिकेत कंपनीवर खटलाही झाला. माझा स्वतःचा झिप ड्राइव्ह मात्र शेवटपर्यंत मुकाट चालला.

डेटा काढून देणाऱ्याने डिस्क कानाला लावली आणि म्हणाला, "डोनर लागेल." म्हणजे अगदी त्याच मॉडेलची दुसरी चालू डिस्क, तिचं हेड काढून इकडे बसवायचं, तेही धूळ नसलेल्या बंद खोलीत. डिस्कच्या खालची सर्किटची हिरवी पट्टी बदलून का भागत नाही, असं मी विचारलं. प्रत्येक डिस्कची स्वतःची मोजमापं त्या पट्टीवरच्या एका चिपमध्ये असतात, तीही उचलून लावावी लागते, म्हणाला. नव्या चार डिस्का आल्या असत्या एवढे पैसे गेले. बहुतेक फाइली परत आल्या, पण नावं गेली होती. नुसते आकडे. कुठला अहवाल कोणाचा, हे एकेक उघडून बघायचं. त्यात जुना श्रीलिपी फॉन्ट नव्या मशिनवर नसला, तर 'श्री गणेशाय नमः'च्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. बायको आणि भाचा रात्री बसून चाळत होते. खाली अध्यक्ष बदललेले कार्यकर्ते उभे.

त्या आठवड्यात निम्म्या पेठेने मला सांगितलं की मी कंपनी चुकीची निवडली. नाव इथे घेत नाही, कारण समोरचा फोटोग्राफर त्याच कंपनीची शपथ घेतो. त्याच्याकडे तिच्या डिस्का लग्नांच्या फोटोंनी गच्च भरून वर्षानुवर्षं चालल्यात. तो जिला शिव्या घालतो, तिची एक डिस्क माझ्या जुन्या मशिनमध्ये आजही फिरते आहे. एक डिस्क गेली की माणूस जन्मभर त्या कंपनीचा वैरी होतो. एकदोन डिस्कांवरून कंपनी ओळखणं हे माझ्या मते अंधश्रद्धेतच जमा.

हजारो डिस्का एकाच छताखाली चालवणाऱ्यांचे आकडे मी मग वाचायला लागलो. कॅलिफोर्नियातली बॅकब्लेझ कंपनी २०१३ पासून आपल्याकडच्या डिस्कांचा हिशेब उघड करते. तिच्याकडे अलीकडे वर्षाला शंभरात साधारण एक ते दोन डिस्का जातात. मला तर हे प्रमाण फारच कमी वाटलं. मात्र सरासरीखाली दडलेली गंमत मॉडेलची आहे. सीगेटचं तीन टीबीचं एक मॉडेल त्यांच्याकडे इतकं गळपटलं की त्यांनी ते काढूनच टाकलं; त्याच सीगेटचं चार टीबीचं मॉडेल त्यांच्याकडेच पुष्कळ बरं चाललं. २००० सालच्या सुमारास आयबीएमच्या डेस्कस्टार ७५जीएक्सपीला लोक 'डेथस्टार' म्हणत. आयबीएमचा हा धंदा पुढे हिताचीने घेतला आणि बॅकब्लेझच्या तक्त्यांत टिकाऊ म्हणून हिताचीच्याच डिस्का वर आल्या. फुजित्सूच्या काही डिस्का त्याच काळात गेल्या, त्यात चकत्यांचा किंवा हेडचा काही दोष नव्हता. बाहेरून घेतलेल्या चिपच्या वेष्टनात लाल फॉस्फरस होता, त्याने चिप आतून बिघडत होती.

नावांचं म्हणाल तर तीही राहिली नाहीत. मॅक्सटर २००६ मध्ये सीगेटच्या घरात गेली, फुजित्सूचा हार्ड डिस्कचा कारभार २००९ मध्ये तोशिबाकडे, सॅमसंगचा २०११ मध्ये सीगेटकडे, हिताचीचा २०१२ मध्ये वेस्टर्न डिजिटलकडे. आता बनवणारे तीनच उरले. आमच्या गल्लीत "सॅमसंगचीच घ्या" म्हणणारे गृहस्थ अजून तेच सांगतात.

डिस्क जाण्याआधी सूचना देते, हाही एक समज. गूगलने २००७ मध्ये आपल्या डिस्कांचा अभ्यास छापला. गेलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून जास्तींनी महत्त्वाच्या चार खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. माझी टकटकली, हे माझं नशीबच म्हणायचं.

ढोलाच्या आवाजाने डिस्क जाते का, असं मला बऱ्याच जणांनी विचारलंय. जाते असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. पण २००८ मध्ये सन कंपनीतला ब्रेंडन ग्रेग चालू डिस्कांसमोर मोठ्याने ओरडला, तर त्या तेवढ्यापुरत्या मंदावल्याचं पडद्यावरच्या आलेखात स्पष्ट दिसलं. पथक दारासमोर आलं की मी मशिन बंद करतो. तसंही त्या वेळी काम कोण करणार?

आता मी दोन डिस्का घेतो, वेगवेगळ्या कंपन्यांच्या आणि वेगवेगळ्या दुकानांतून. एकाच खोक्यातल्या जुळ्या डिस्का एकाच दोषाने, एकाच सुमारास जाऊ शकतात. पाठीवर मार्करने वर्ष लिहितो. माझी एक प्रत समोरच्या फोटोग्राफरच्या कपाटात असते, त्याची माझ्याकडे. हा बंदोबस्त आम्हाला फार हुशारीचा वाटला होता. मग आमच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या कंपोझिटरने आठवण करून दिली की १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा मुठेचं पाणी गल्लीच्या दोन्ही बाजूंना सारखंच शिरलं होतं. त्यांनी चिखलातून खिळे वेचले, धुतले आणि पुन्हा जुळवायला घेतले. डिस्कचं तसं होणार नाही. म्हणून तिसरी प्रत कोथरूडला बहिणीकडे गेली. भाऊबीजेला जाताना नवी नेतो, जुनी परत आणतो. पहिल्या वर्षी ताटात पाकिटाच्या आधी मी डिस्क ठेवली, त्यावरून ताई दिवसभर फणफणत होती.