राजवाड्यातली शाळा

मित्रांनो, सातारा म्हटलं की तुम्हाला कंदी पेढे आठवतात, अजिंक्यतारा आठवतो, कासच्या पठारावरची फुलं आठवतात. पण गावातली शाळा संपवून यंदा पहिल्यांदाच हायस्कूलची पायरी चढणाऱ्यांनी इथलं आणखी एक ठिकाण जरूर बघावं.

एसटी स्टँडवर उतरायचं आणि पश्चिमेकडे निघायचं. डाव्या हाताला अजिंक्यतारा सोबत करतो. पेठा मागे टाकत आपण राजवाड्यापाशी पोचतो. हा जुना राजवाडा छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या काळातला. पुढे इथे सरकारी हायस्कूल भरू लागलं. तेच आजचं प्रतापसिंह हायस्कूल.

७ नोव्हेंबर १९०० या दिवशी इथे इंग्रजी पहिलीत, म्हणजे हायस्कूलच्या पहिल्या वर्गात, साडेनऊ वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. नोंदवहीत क्रमांक १९१४ आणि नाव 'भिवा रामजी आंबेडकर'. हेच आपले डॉ. बाबासाहेब आंबेडकर!

साताऱ्यातले शाळेचे दिवस बाबासाहेबांनी पुढे लिहून ठेवले. वर्गात त्यांनी सगळ्यांपासून लांब, कोपऱ्यात बसायचं. बसायला गोणपाट घरून आणायचं आणि संध्याकाळी परत न्यायचं. तहान लागली तरी नळाला हात लावायची बंदी. शिपायाने नळ सोडला तरच पाणी. शिपाई नसला तर तहान तशीच. तरीही भिवा रोज शाळेत येत राहिला. १९०७ साली मुंबईत तो मॅट्रिक झाला.

याच साताऱ्यात १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृह काढलं. खेड्यापाड्यांतली, सगळ्या जातिधर्मांची मुलं इथे एका छपराखाली राहू लागली, एका पंगतीला जेवू लागली. पैसे कमी पडले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, पण मुलांना उपाशी ठेवलं नाही. घर सोडून शिकायला आलेल्या पोराला आधी काय लागतं? बसायला जागा, प्यायला पाणी, पोटाला भाकरी आणि कुणीतरी आपलं माणूस. पुस्तकं त्यानंतर.

आईबाबा, हे तुमच्यासाठीही आहे बरं का! शाळा सुरू होण्याआधी एकदा मुलाला घेऊन तो सगळा रस्ता चालून या. एसटी कुठे थांबते, परतीची गाडी कितीला, वर्ग कुठला, पाण्याचा नळ आणि स्वच्छतागृह कुठे, अडचण आली तर कुणाला विचारायचं, हे त्याला दाखवून द्या. संध्याकाळी घरी आल्यावर "आज काय शिकवलं?" हे सावकाश विचारा. आधी विचारा, "डबा कुणाबरोबर खाल्लास?" मोठी झालेली मुलं भीती वाटते असं तोंडाने म्हणत नाहीत. या प्रश्नाच्या उत्तरातून ती बरोब्बर कळते.

आणि मुलांनो, भिवाच्या शाळाप्रवेशाचा तो दिवस, ७ नोव्हेंबर, २०१७ पासून महाराष्ट्रात 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळला जातो. पण तुम्ही नोव्हेंबरची वाट कशाला बघता? पहिल्याच दिवशी वर्गात नजर फिरवा. दाराशी कुणीतरी दप्तर छातीशी धरून उभं असेल. कुठे बसू, हे त्याला कळत नसेल. जरा सरका आणि म्हणा, "ये की, इथे बस."