लेहच्या अंगणातला गुलखैरा

जुलै-ऑगस्टमध्ये लेहला जाण्याचा योग आला, तर शांतीस्तूपाकडे निघणारी चांगस्पाची गल्ली पायीच चालावी. मातीच्या विटांच्या भिंती, कडेने झुळझुळणारे पाटाचे पाणी आणि भिंतींवरून डोकावणारे पुरुषभर उंचीचे फुलांचे दांडे. गुलाबी, पांढरे, काळपट लाल. हा हॉलीहॉक, हिंदीतला गुलखैरा. जवळून पाहिले की भेंडीच्या फुलाची आठवण येते, आणि ती बरोबरच आहे. भेंडी, अंबाडी, कापूस, जास्वंद ही सारी त्याचीच भावंडे.

लेहची उंची सुमारे 3,500 मीटर. वर्षभराचा पाऊस जेमतेम 100 मिलिमीटर. लोणावळ्यात एवढा एका दिवसात कोसळतो. इथली हिरवळ पोसते ती वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावर. हे पाणी 'यूरा' म्हणजे पाटांतून फिरते आणि कोणाची पाळी केव्हा, हे चुरपोन ठरवतो. आपल्याकडचा पाटकरीच म्हणा ना! पाळीचे पाणी आधी सातूला, मग भाजीला. फुलांना बहुधा भाजी धुतलेले पाणी मिळते. गुलखैऱ्याची तक्रार नसते. त्याचे सोटमूळ खोल जाते.

म्हणूनच तो कुंडीत वाढवून मग हलवण्यापेक्षा जागेवरच पेरलेला बरा. बी रात्रभर भिजवायचे, माती उबदार झाली की बोटाच्या अर्ध्या पेराएवढे खोल टोचायचे, दोन रोपांत हात-दीड हात अंतर ठेवायचे. दहा-पंधरा दिवसांत कोंब दिसतात. पुढे मात्र नवशिक्याची निराशा होते, कारण पहिल्या वर्षी जमिनीलगत नुसत्या पानांचा घेर येतो. मग हिवाळा. पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत घसरतो, पाने जळून जातात, झाड मेलेसे वाटते. दुसऱ्या उन्हाळ्यात त्याच मुळातून दांडा उठतो आणि खालून वर एकेक कळी उमलत जाते.

चांगस्पातल्या एका घरगुती गेस्टहाउसच्या दारात नाशिकच्या एका पाहुणीने विचारले, ''आमा-ले, हे बी पेरले तर फुले कधी?'' आमा-लेंनी वाळलेली चकती तळहातावर चुरली. आपल्याकडच्या पेटारीच्या फळासारखी, आत गोलाकार लावलेल्या चपट्या बिया. म्हणाल्या, ''पुढच्या वर्षी.'' पाहुणीचा चेहरा उतरला. त्या हसल्या. ''आम्ही तरी काय करतो? थांबतो.''

महाराष्ट्रात हे बी फुलेलच अशी खात्री नाही. तेवढी थंडी कुठून आणणार? आपल्याकडे एका हंगामात फुलणाऱ्या जातीचे बी घ्यावे, पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरपर्यंत पेरावे. फेब्रुवारी-मार्चमध्ये फुले येतात. ऊन भरपूर हवे, पाणी साचता कामा नये आणि दांड्याला काठीचा आधार हवा. पानांखाली तांबूस पुटकुळ्या दिसल्या तर तो तांबेरा. ती पाने खुडून लांब टाकावीत. भर पावसात पेरण्याचा मोह मात्र आवरावा.

चांगस्पात आता गेस्टहाउसे दाटीने उभी आहेत. पूर्वी घरोघरच्या कोरड्या संडासाचे खत वसंतात शेतात जाई. पाहुण्यांना फ्लश लागतो, गरम पाण्याचा शॉवर लागतो. त्यासाठी बोअरवेल आल्या. जमिनीखालचे पाणी उपसले जाते आणि मैल्याचे खड्डे त्याच जमिनीत. पाहुणे फोटो काढतात ते मात्र फुलांचे! आमा-लेंच्या वाफ्यातला अर्धा भागही खोल्यांखाली गेला आहे. उरलेल्यात बटाटे, पालक आणि कुंपणालगत एक ओळ गुलखैरा.

सप्टेंबरअखेर त्या दांडे कापतात. दोन तेवढे उभे ठेवतात, बियांसाठी. नाशिकच्या पाहुणीला दिलेली पुडी याच चकत्यांची. पैसे त्यांनी घेतले नाहीत, फक्त खोलीतली बादली दाखवून सांगितले, ''अंघोळीला एवढीच.''